पिस्तुलाची माशी

पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशीं जो लहानसा काळा चौकोनी उंचवटा असतो, त्यास जुने लोक माशी म्हणत. नांव मोठें समर्पक आहे. नळीवर येऊन बसलेली, नजरेस सदैव खुपणारी आणि ऐन वेळीं शिंकणारी अशीच ही वस्तु आहे. इंग्रजी शब्दांच्या गर्दींत हा शब्द मागें पडला याचें आम्हांस वाईट वाटतें. या लेखापुरता तरी आम्ही तोच वापरणार आहों. माशीच्या समोर, नेमबाजाच्या डोळ्याकडील टोकास, एक पोलादी पातें असतें व त्यांत चौकोनी खांच असते. खांचेच्या मधोमध माशी दिसावी, दोहोंचे माथे एका रेषेंत यावे, माशीच्या दोन्ही अंगांस सारखा उजेड राहावा, आणि हें सारें कागदावरील काळ्या चांदाच्या खालीं, पांढऱ्यांत, स्थिर ठरत असतां अलगद चाप दबावा, एवढीच काय ती चांदमारीची विद्या.

एक पातें काढून दुसरें बसविणें हा लेखाचा विषय कसा होतो, असें वाचकांस वाटेल. त्याचें उत्तर शाळेंतल्या त्रैराशिकांत आहे. आमच्या हवेच्या पिस्तुलाची माशी व खांच यांमधील अंतर ३२० मिलिमीटर आणि कागद १० मीटरांवर; म्हणजे डोळ्यापुढें झालेली चूक कागदावर सुमारें ३१ पटींनीं वाढते. माशी ०.१ मिलिमीटर बाजूस सरली कीं छर्रा ३ मिलिमीटर ढळला. दहा गुणांचें वर्तुळ अवघें ११.५ मिलिमीटर व्यासाचें. २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत मनू भाकर हिला कांस्यपदक मिळालें. शेवटच्या दोघींत जाण्यास तिला ०.१ गुण कमी पडला. हा दशांश गुण म्हणजे कागदावर ०.८ मिलिमीटर, आणि माशीपाशीं मोजला तर केसाच्या जाडीहूनहि कमी!

आतां अडचण अशी कीं, खांच, माशी आणि चांद या तिन्ही वस्तु तीन निरनिराळ्या अंतरांवर, आणि मनुष्याच्या डोळ्यास एका वेळीं एकच अंतर स्पष्ट दिसतें. म्हणून जगांतील सर्व नेमबाज माशी स्पष्ट ठेवून चांद धूसर होऊं देतात. नवशिक्यास हें पटतां पटत नाहीं. जिकडे मारावयाचें तिकडे पाहूं नये, हा उपदेश त्यास उफराटा वाटतो. परंतु दोन सरळ कडा समपातळींत आहेत कीं नाहींत हें ओळखण्याची मानवी डोळ्याची शक्ति विलक्षण सूक्ष्म आहे. व्हर्नियरची मोजपट्टी तिच्याच जोरावर चालते. चौकोनी माशी आणि चौकोनी खांच यांचें सारें बळ या शक्तींत आहे. मात्र तिला रेखीव कड हवी. पन्नाशी उलटल्यावर डोळ्यांतील भिंग ताठरतें, हाताच्या अंतरावरच्या वस्तूची कड विरघळूं लागते, आणि गेल्या पावसाळ्यापासून आमच्या माशीची तीच गत झाली.

बाजारांत उपायांस तोटा नाहीं. लाल ठिपका दाखविणारी भिंगें मिळतात, परंतु या स्पर्धांत भिंग, आरसा वा लेसर पिस्तुलावर चालत नाहीं. तीं लावून आम्हीं कोणाशीं स्पर्धा करावी? रंगीत चकाकणाऱ्या माशा मिळतात. त्या झटपट दिसतात खऱ्या, पण चकाकणारा ठिपका डोळ्यांत पसरतो व कड गिळून टाकतो. माशी काळीकुट्टच हवी. कापूर जाळून तिच्यावर काजळी धरणारे जुने नेमबाज हें पुरें ओळखून होते. उरली गोष्ट रुंदीची. उजेड वाढविण्यास माशी बारीक करावी कीं खांच रुंद करावी? आमचें मत असें कीं, थकल्या डोळ्यास बारीक माशी देणें म्हणजे तिची उरलीसुरली कायाहि धुक्याच्या हवालीं करणें होय. आमच्या ४.५ मिलिमीटरांच्या माशीस ३.६ ची खांच होती. माशी लांब असल्यामुळें खांचेंतून लहान दिसते, आणि प्रत्येक अंगास तिच्या अष्टमांशाइतका उजेड उरतो. ४.४ ची खांच असलेलें पातें घेतलें तर तोच उजेड चतुर्थांशाहून थोडा अधिक होतो. आम्हीं तें पातें आणविलें.

पण पिस्तुल एकट्या आमचें नाहीं. आमची सोळा वर्षांची पुतणी त्यावरच शिकली आणि पुढील महिन्यांत त्यावरच राज्यस्पर्धेस उतरणार. तिनें नव्या खांचेंतून एकदां पाहिलें आणि म्हणाली, "काका, एवढ्या उजेडांत माशी मधोमध आहे हें कळणार कसें?" आम्हीं म्हटलें, "अरुंद खांचेंत तें फार कळतें म्हणूनच तूं टिपत बसतेस, आणि शेवटीं चाप हिसकतेस." हें तिला रुचलें नाहीं. शेवटीं कोऱ्या पांढऱ्या कागदावर, चांदावांचून, चार संध्याकाळीं आळीपाळीनें दोन्ही पात्यांनीं दहा-दहा छर्रे मारून पाहिले. आमचा घोळका ४१ मिलिमीटरांवरून ३३ वर आला. तिचा जुन्या पात्यानें २२, नव्यानें २३. हे आंकडे पाहून ती हंसली व आम्हीहि हंसलों, अर्थात् निरनिराळ्या कारणांनीं.

दोन्ही पातीं दिवसाआड बदलावीं असेंहि मनांत आलें. परंतु नवें पातें ०.२ मिलिमीटर उंच असल्यामुळें मारा ६ मिलिमीटर वर जातो; प्रत्येक वेळीं स्क्रूचे खटके मोजून तो पुनः खालीं आणावयाचा. स्पर्धेच्या तोंडावर मुलीच्या मनांत तेवढा संशय राहणें आम्हांस परवडणारें नव्हतें. दहा वर्षांनीं तिचा डोळा असाच असेल. आमचा नसेल, आणि आमच्या वाट्यास राज्यस्पर्धाहि नाहीं. जुनें पातें परत चढविलें, त्याचे खटके वहींत टिपले, आणि नवें तेल लावून डबींत ठेवलें.

मग आम्ही चष्मेवाल्याकडे गेलों. पिस्तुलावर भिंग चालत नाहीं, नाकावर चालतें. आणि माशीची कड परत आणण्यास पाऊण डायॉप्टरचें साधें भिंग पुष्कळ वेळां पुरतें. त्यानें वहीं उघडून विचारलें, "वाचनाचा कीं लांबचा?" आम्हीं उजवा हात सरळ पुढें धरला, आणि मुठीच्या पुढें एक फुटावर असलेली जागा त्याला डाव्या हातानें दाखविली. तो गृहस्थ जाणता होता. त्यानें टेप काढून डोळ्यापासून त्या जागेपर्यंतचें अंतर मोजलें. अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर भरलें.