नदीपल्याडचं मानवत

माजलगाव

चि. ओंकार यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी पटकथा मिळाली, रात्रीत वाचून काढली. तुझा खुनी एकटा, विक्षिप्त आणि फार हुशार. असा एकटा हवाच असेल तर रमण राघव घे की. श्रीराम राघवननं रघुवीर यादवला घेऊन केला, 2016 साली अनुराग कश्यपनंही त्याच्यावरून सुचलेला सिनेमा केला. पण तू लिहितोस ‘मानवतवरून सुचलं’, तिथं मला ठेच लागली.

2024 च्या ऑक्टोबरात ‘मानवत मर्डर्स’ मालिका आली तेव्हा तू आठही भाग एका दमात पाहिलेस. मला तिसऱ्यापुढं जाववलं नाही. गोवारीकर पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी म्हणून शोभतात, तक्रार त्याची नाही. राघवचा तपास केलेले तेच कुलकर्णी मुंबईहून मानवतला आले होते.

नोव्हेंबर 1972 ते जानेवारी 1974 या काळात तिथं दहा जीव गेले. पाच मुली होत्या दहा-दहा वर्षांच्या. मीही दहाचीच होते, बाबा. आणि पायाळू. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात, आणि मानवतला तर सगळं पिंपळाखालच्या गुप्तधनासाठी चाललंय अशी बोलवा होती. जिल्हा परभणी असेना का, गोदावरी ओलांडली की पाथरी, पुढं मानवत. त्या दुष्काळात नदीला पाणी कुठलं? वाळू तुडवत माणसं येत-जात, त्यांच्यासोबत बातम्याही.

आई खडीच्या कामावर होती. दुपारी मी मिलोची लाल भाकरी फडक्यात बांधून न्यायची. मानवतचं कळल्यावर तिनं माझं येणं बंद केलं. चार दिवस उपाशी खडी फोडली, पाचव्या दिवशी माझ्या हाती विळा देऊन म्हणाली, “कुणी नाव विचारलं तर सांगू नको. पायाळू म्हणून तर मुळीच नको.”

तुझ्या पटकथेत खटला दोन ओळींत उरकलाय. खरं तर तिथंच गोष्ट आहे. आरोपी एक नव्हता, डझनाहून जास्त होते. माफीचे साक्षीदार होते, आणि त्यांच्या शब्दाला दुसरा आधार किती, यावर सगळं अडलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1977 चा. काहींची फाशी कायम राहिली, पण ज्या जोडप्याला अख्खा मुलूख या सगळ्याचं मूळ समजत होता ते शेवटी सुटलं. लोकांनी मात्र कधी सोडलं नाही. याच प्रकरणावरचा अमोल पालेकरांचा ‘आक्रीत’ सिनेमा मिळाला तर बघ, 1981 चा, लिहिलाय तेंडुलकरांनी.

विळ्याचं राहिलंच. त्या दुपारी वाटेत एका म्हाताऱ्यानं मला हाक मारली, “कोणाची गं तू?” मी भाकरी तिथंच टाकून पळाले. तो आमच्याच कामावरचा पाणक्या निघाला. भाकरी उचलून, धूळ झटकून त्यानं आईला नेऊन दिली. आईनं ती खाल्ली नाही, त्याच्या हातचं पाणीही पुढं कधी प्याली नाही. त्यालाही ते उमगलं असावं. वाटेत पोरीबाळी दिसल्या की तो लांबूनच वाट सोडायचा आणि ढेकळातून वळसा घालून जायचा.

दिवाळीला ये.

तुझी,
आत्या