विस्मृतीचे दोन दाखले

मानवी मेंदू आणि त्याच्या धर्तीवर रचलेली कृत्रिम मज्जाजाले यांची तुलना निघाली की बहुधा आकड्यांचाच जमाखर्च मांडला जातो. सुमारे ८६ अब्ज मज्जापेशींचा हा सारा कारभार २० वॅटच्या आसपास शक्तीवर चालतो, हे ऐकून कोणीही विस्मित व्हावे. माझे मन मात्र त्या आकड्यांपाशी न रमता हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थाकडे वळते.

फेफऱ्याने जर्जर झालेल्या या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर १९५३ साली शस्त्रक्रिया होऊन दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढण्यात आला. झटके कमी झाले. परंतु बालपण स्मरणारा, सुसंगत बोलणारा हा मनुष्य नुकत्याच भेटून गेलेल्या माणसाला ओळखेनासा झाला. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याची परीक्षा घेण्यास वारंवार येत, आणि दर खेपेस त्या त्याला परक्याच असत. तरीही आरशात पाहून तारका गिरवण्यात त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आपण हे पूर्वी केले आहे याची मात्र त्याला गंधवार्ता नव्हती!

आजच्या भाषाकुशल यंत्रांची प्रकृती या गृहस्थाशी विलक्षण जुळते. शिक्षणकाळात ठरलेले त्यांच्या मज्जाजालातील दुव्यांचे भार, म्हणजे जोडण्यांचे जोर, पुढे सहसा कायम ठेवले जातात. संभाषण चालू असेतो त्याचा संदर्भ यंत्र धरून ठेवते, पण वेगळी तजवीज केल्यावाचून त्याची दप्तरी नोंद होत नाही. बरे, भार पुन्हा मोकळे करून नवे शिकवावे, तर अरिष्ट निराळेच. १९८९ साली मॅक्लॉस्की आणि कोहेन यांनी एका जालाला आधी एक मिळवण्याच्या बेरजा शिकवल्या, मागाहून दोन मिळवण्याच्या, आणि दुसऱ्या शिकता शिकता ते पहिल्या विसरले; कारण जुनेनवे सारे ज्ञान त्याच भारांत विखुरलेले असते.

शाळकरी मूल असे विसरत नाही. त्याची एक उपपत्ती मॅक्लेलंड, मॅकनॉटन आणि ओ'रायली यांनी १९९५ साली मांडली : हिप्पोकॅम्पसने अनुभव तत्काळ टिपावा, आणि पुनःपुन्हा उजळून मेंदूच्या बाह्यकाला तो सावकाश, जुन्याला धक्का न लावता, शिकवावा. जागेपणी एकत्र चेतलेल्या पेशी झोपेतही एकत्र चेततात, हे उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये आदल्याच वर्षी आढळले होते. जालाच्या अपयशाने मोलेसनच्या हानीवर असा प्रकाश टाकला, म्हणून ही तुलना मला मोलाची वाटते. आणि जगता जगता शिकणाऱ्या मेंदूची सर या यंत्रांना अद्याप आलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.