बाळ लगेच रडलं होतं का?

वर्गात एका जागी न टिकणारं मूल माझ्याकडे आलं, की शाळेबद्दल विचारण्याआधी मी आईला बाळंतपणाचं विचारते. महिने किती भरले होते? वजन किती? लगेच रडलं होतं का? पेटीत ठेवावं लागलं का? कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्याला येणाऱ्या आयांना हे सारं तोंडपाठ असतं. मग आवाज खाली जातो, "मॅडम, माझ्यामुळंच झालं का जी?"

नाही. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, प्रामुख्याने आनुवंशिक आहे. जुळ्यांचे अभ्यास हेच सांगतात. बाळंतपणातल्या अडचणी त्यात भर घालतात. फार अपुऱ्या दिवसांच्या किंवा दीड किलोच्या आतल्या मुलांत हा विकार इतरांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. जन्मताना गुदमरणं, आईचा वाढलेला रक्तदाब यांचा संबंध दिसतो, पण तो याहून क्षीण. तंबाखूचं वेगळंच. स्वीडनमध्ये एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना केली, तेव्हा गर्भारपणातल्या धूम्रपानाचा एडीएचडीशी असलेला संबंध जवळजवळ विरला. तरी खर्रा, गुडाखू अशी तोंडातली तंबाखूही मी सोडायलाच लावते, कारण तंबाखूनं बाळाचं वजन घटतं.

आणि आमच्या धानपट्ट्यात वजन आधीच कमी भरतं. रक्त कमी, कुणाला सिकलसेल, आणि आठव्या महिन्यातही रोवणीला चिखलात वाकून उभं राहणं. अशा बाईला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

कमी वजनाच्या बाळांचं पुढे काय होतं? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी 1987 ते 1989 मधली दोन किलोंच्या आतली बाळं वर्षानुवर्षं तपासली. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक सामान्य मर्यादेतच होता, पण पुरेशा वजनाच्या मुलांहून कमी. लेखन आणि गणित अवघड जात होतं. धावणारं, बोलणारं, घरच्यांना धडधाकट वाटणारं मूल वहीपाशी अडतं, ते असं.

अशी बाळं जगावीत म्हणून शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळं वाचवून दाखवली. 1999 मध्ये ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई घरी येते, ती त्याच वाटेनं. पण तिच्या ठरलेल्या भेटी पंधराव्या महिन्याला संपतात, आणि लक्ष न टिकणं ठळक होतं ते सहाव्या-सातव्या वर्षी. मधल्या वर्षांत या मुलाकडे मुद्दाम पाहणारं सहसा कुणी नसतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. माता-बाल संरक्षण कार्डावरचं जन्मवजन आणि भरलेले आठवडे शाळाप्रवेशाच्या कागदांसोबत त्या पथकाच्या हाती पडावेत, एवढंच माझं मागणं आहे. मग असं मूल पहिली-दुसरीतच माझ्यापर्यंत येईल. तेव्हा पुढच्या बाकावर बसवणं, एका वेळी एकच सूचना देणं, आईबापांना शिकवणं यानं बरंच साधतं. गरज पडली तर औषध आहेच. आज ते पाचवीत येतं, मार खाऊन, आणि आपण ढ आहोत हे स्वतःशी पक्कं करून.