नियमावलीबाई

लास वेगासला उन्हाळ्यात ‘इव्हो’ भरतं. स्ट्रीट फायटर, टेक्कन, गिल्टी गिअर अशा मारामारीच्या व्हिडिओ गेममधले जगभरचे पट्टीचे खेळाडू तिथे जमतात. प्रचंड पडदे, हजारोंचा आरडाओरडा, रंगीबेरंगी केसांची पोरं. या सगळ्या गलबल्यात एका बाईंकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि त्यांच्यावाचून एकही सामना सुरू होत नाही. त्या म्हणजे नियमावलीबाई. खुर्चीत बसण्याआधी त्यांची ओळख करून घ्या. ‘मला माहीत नव्हतं’ हे वाक्य त्यांच्यासमोर आजवर कुणाच्या कामी आलेलं नाही.

बाईंचा जन्म गेम पार्लरमधला. 1996 साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात, ‘गोल्फलँड’मध्ये, टॉम आणि टोनी कॅनन या भावांनी आणि त्यांच्या मित्रांनी ‘बॅटल बाय द बे’ नावाची स्पर्धा भरवली. 2002 साली तिचं नाव ‘इव्हो’ झालं. पार्लरमधली मंडळी एकमेकांना चेहऱ्याने तरी ओळखत असत; भांडण झालंच तर तिथल्या तिथे मिटायचं. 2023 साली मात्र एकट्या स्ट्रीट फायटर 6 साठी 7,000 हून जास्त खेळाडूंनी नावं दिली. निम्म्यांना निम्म्यांची भाषा कळत नाही. एवढ्या गर्दीत शब्दावर भागत नाही, बाईच लागतात.

त्यांचा राग नाकावर असतो, आणि तो एका बटणावर टपलेला असतो. ते बटण म्हणजे पॉज. चालू राउंडमध्ये पॉज पडला की राउंड गेला. चुकून बोट लागलं, कोपर लागलं, वायर निसटली, बाईंना सगळं सारखंच. कठोर वाटेल, पण या खेळात एका सेकंदाचे साठ भाग मोजले जातात आणि त्यातल्या दोन-चार भागांत जिंकणं-हरणं ठरतं. हाताला लागलेली लय एकदा तुटली की ती कुणालाही परत भरून देता येत नाही. जे परत देता येत नाही त्याचा दंड बाई वसूल करतात.

हा राग फक्त नवख्यांसाठी राखून ठेवलेला असता तर मी त्यांच्याविषयी इतक्या आदराने बोललोच नसतो. 2015 सालची अल्ट्रा स्ट्रीट फायटर 4 ची ग्रँड फायनल घ्या. जपानचा मोमोची विरुद्ध तैवानचा गेमरबी. सामना ताणत ताणत शेवटच्या गेमवर आला, आणि ऐन रंगात मोमोचीच्या कंट्रोलरने, म्हणजे स्टिकने, दगा दिला. खेळ थांबला. खेळाडूचा दोष काडीचाही नव्हता, लाखोंच्या नजरा पडद्यावर होत्या, आणि जगातलं सगळ्यात मोठं विजेतेपद पणाला लागलं होतं. पंचांनी विचार केला आणि बाईंचं म्हणणं मानलं: राउंड गेला. मोमोचीने हुज्जत घातली नाही. स्टिक बदलली, खाली बसला आणि उरलेला खेळ जिंकून विजेता झाला. बाईंचा आणि खेळाडूचा इतका देखणा व्यवहार मी दुसरा पाहिलेला नाही.

एरवी बाई संशयी. तुम्ही बसलात की आधी बटणं तपासायला लावतात. मैफलीआधी तबला लावून घेतात तसं हे ‘बटण-चेक’. लाथ लाथेच्या जागी आहे ना, ठोसा ठोशाच्या? ते न करता सामना सुरू केलात आणि मध्येच लक्षात आलं की बटणं उलटी लागली आहेत, तर ती तुमची जबाबदारी. बिनवायरच्या कंट्रोलरवर तर त्यांची करडी नजर. आधीचा खेळाडू आपला कंट्रोलर मशीनपासून न तोडता खिशात घालून निघून जातो, बाहेर गप्पा मारताना त्याचं बटण दाबलं जातं आणि इकडे भलत्याच दोघांचा सामना थांबतो. म्हणून उठताना कंट्रोलरची जोडणी तोडूनच उठायचं, हे बाई पुन्हा पुन्हा बजावतात.

आणि उठायचं तेही सामना संपल्यावर. 2017 साली गिल्टी गिअरमध्ये वोशिगे नावाच्या खेळाडूने राउंड जिंकला, सामनाच जिंकला असं त्याला वाटलं, आणि तो आनंदाने खुर्चीतून उठला. पुढचा राउंड सुरू झाला होता. समोरच्या ओमितोने तो सोडला नाही, आणि पुढे सामनाही घेतला. बाईंनी मध्ये पडायचं कारणच नव्हतं. सामना कधी संपतो ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

आता त्यांच्या मायेविषयी, कारण ती कमी लोकांना दिसते. बाई कुणालाही एका पराभवावर घरी पाठवत नाहीत. पहिल्यांदा हरलात की लूजर्स ब्रॅकेटमध्ये जाता. तिथे वाट लांब, सामने जास्त, विश्रांती कमी. पण जिंकत राहिलात तर ग्रँड फायनलपर्यंत पोहोचता. तिथे मात्र हिशेब चोख. समोरचा एकदाही न हरता आलेला असतो, म्हणून त्याला दोनदा हरवावं लागतं. एक हार प्रत्येकाला माफ, त्यालाही.

या मायेने खेळाला त्याचा सगळ्यात प्रसिद्ध क्षण दिला. 2004, कॅल पॉली पोमोना, स्ट्रीट फायटर 3: थर्ड स्ट्राइक. डायगो उमेहाराच्या केन या पात्राचा जीव एका रेघेवर आलेला. जस्टिन वाँगच्या चुन-लीने पंधरा लाथांचा सुपर सोडला. तो नुसता अडवला असता तरी केन मेला असता, इतका थोडा जीव उरलेला. डायगोने पंधराच्या पंधरा लाथा अचूक वेळेला पुढे सरसावून परतवल्या आणि उलट मारून राउंड जिंकला. ती चित्रफीत या खेळाशी काही संबंध नसलेल्यांनीही पाहिली आहे. पण तो सामना लूजर्स ब्रॅकेटचा होता, हे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. म्हणजे दोघेही आधी एकेकदा हरलेले. एका हारीवर बाद करणारा कायदा असता तर त्या वेळी दोघेही प्रेक्षकांत बसले असते. पुढे ग्रँड फायनल डायगो केंजी ओबाताकडून हरला. बाईंनी त्याला दुसरी संधी दिली होती. तिसरी त्या कुणालाच देत नाहीत.

हरणाऱ्याकडे त्यांचा ओढा इतरत्रही दिसतो. गेम हरलेल्याला पुढच्या गेमसाठी पात्र बदलता येतं. जिंकलेल्याला आहे तेच धरून बसावं लागतं. पहिल्या गेमला आपली निवड बघून मग समोरच्याने त्याचं पात्र ठरवू नये असं वाटत असेल, तर कुणीही एक जण गुप्त निवड मागू शकतो. मग दोघेही आपापलं पात्र पंचाच्या कानात सांगतात. चलाखीने जिंका, पण समोरच्याला बांधून जिंकू नका, एवढं त्यांचं म्हणणं.

बंदीच्या बाबतीत बाई आश्चर्य वाटावं इतक्या सबुरीच्या. एखादं पात्र भारी आहे, एखादी चाल चिडवणारी आहे, अशा तक्रारी त्या ऐकून घेतात आणि सांगतात, तोड शोधा. पण 1994 च्या सुपर स्ट्रीट फायटर 2 टर्बोमध्ये अकुमा नावाचं छुपं पात्र आलं. ते उडी मारून हवेतून खाली आग फेकायचं, आणि बहुतेक पात्रांकडे त्याला तोडच नव्हती. अमेरिकेत बाईंनी स्पष्ट लिहिलं: अकुमा नाही. जपानमधली त्यांची बहीण लिहीत नाही. तिथे खेळाडूंनी आपसात समजून तो घेणं टाळलं, आणि सागाट या पात्राच्या जुन्या रूपालाही तसंच बाजूला ठेवलं. मला दोघींचं पटतं. ओळखीच्या माणसांत न लिहिलेलंही पाळलं जातं, अनोळखी गर्दीत लिहिलेलंच उपयोगी पडतं.

हल्ली बाईंना सगळ्यात जास्त दमवलं आहे ते हातातल्या कंट्रोलरांनी. 2004 साली इव्होने पार्लरची यंत्रं सोडून घरगुती कन्सोल घेतले, आणि जो तो आपापला कंट्रोलर घेऊन येऊ लागला. पार्लरच्या दांड्याला एका वेळी डावी-उजवी दोन्ही दिशा दाखवता येत नाहीत. दांड्याऐवजी चार बटणं लावली की येतात. गाइलसारख्या पात्राची चाल मागे दाबून धरल्यावरच पुढे सुटते. दोन्ही दिशा एकदम दाबून ती सोपी होणार असेल तर दांडा धरणाऱ्याने काय करावं? 2019 साली खुद्द डायगोने नव्या तऱ्हेचा बटणांचा कंट्रोलर घेतला, तेव्हा स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या कॅपकॉमच्या स्पर्धांत तो चालणार नाही असं ठरलं. पुढे स्ट्रीट फायटर 6 साठी साधा तोडगा निघाला: विरुद्ध दिशा एकदम दाबल्या तर दोन्ही रद्द. ज्याची चित्रफीत साऱ्या जगाने पाहिली, त्याच्या हातातली पेटीही बाईंनी उघडून पाहिली. याच कारणासाठी माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत स्ट्रीट फायटर 5 पदकासाठी खेळला गेला; भारताचेही खेळाडू तिथे होते. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या कॉलेज फेस्टमध्ये टेक्कनच्या स्पर्धा भरतात. स्पर्धा भरवणाऱ्या पोरापोरींना माझी एवढीच विनंती आहे: बक्षिसं, बॅनर आणि स्पीकर नंतर बघा. बाईंना आधी बोलवा. पॉजचं काय, उशिरा येणाऱ्याचं काय, कंट्रोलर कुठला चालेल, हरल्यावर दुसरी संधी आहे की नाही, हे एका कागदावर लिहा, भिंतीवर लावा आणि पहिला सामना सुरू होण्याआधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.