आमची विजेची करवत

आमच्या पांढरपेशा वर्गाचा आणि करवतीचा परिचय फार जुना असला, तरी तो बहुतांशीं भाषेच्या द्वारें झालेला आहे. काशीस जाऊन करवत घेण्याच्या गोष्टी आम्हीं आजीच्या तोंडून ऐकल्या. करवतकाठी धोतरें आजोबांच्या अंगावर पाहिलीं. आणि दोन्हीं बाजूंनीं कापणाऱ्या माणसास करवतीची उपमा देण्यांत आमची लेखणी कधींच मागें राहिली नाहीं. प्रत्यक्ष करवत मात्र सुताराच्या हातांत, आणि त्याच्या मजुरीची घासाघीस आमच्या तोंडांत, अशी श्रमविभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेंत गांधीजींनीं हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण देण्याची कल्पना मांडली. तेव्हांपासून या वर्गानें तिजवर व्याख्यानें पुष्कळ दिलीं व निबंधहि पुष्कळ लिहिले. परंतु त्यामुळें रंधा, पटाशी किंवा करवत घरांत शिरल्याचें क्वचितच दृष्टीस पडलें.

आमच्या घरांत ती शिरली, ती गणपतीच्या मखराच्या निमित्तानें. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या वस्तूंवरहि बंदी घातली, आणि सजावटीचें थर्माकोलहि तींत सांपडलें. दरवर्षीं सुटें करून माळ्यावर ठेवतां येईल असें प्लायवुडचें मखर करावें, असा ठराव घरांत संमत झाला. सरळ काप साध्या करवतीनेंहि साधतो. परंतु मखर म्हटलें कीं महिरप आली, आणि महिरप म्हटली कीं वळणें आलीं. रुंद पात्याची करवत वळण घेत नाहीं. अरुंद पातें वरखालीं नाचवीत पाहिजे त्या वळणानें नेणारें जें विजेचें हत्यार, त्यास जिगसॉ म्हणतात. चित्राचे तुकडे जुळविण्याच्या मुलांच्या खेळास जें नांव आहे, तें याच जातीच्या करवतीवरून पडलेलें आहे.

या हत्याराची जन्मकथा गृहस्थाश्रमास साजेशी आहे. १९४६ सालीं स्वित्झर्लंडांतील सिंटिला कंपनीच्या आल्बर्ट काउफमान या इंजिनियरानें शिवणयंत्रांतील सुई काढून तिच्या जागीं करवतीचें पातें बसविलें, आणि कापडास टांके घालणारी गति लाकूड कापूं लागली. तें शिवणयंत्र त्याच्या पत्नीचें होतें, असें सांगतात. शोधकांच्या पत्नींचें हें ऋण जगानें कधीं तरी फेडावयास हवें.

दुकानांत गेल्यावर प्रथम कानांवर पडतात ते वॅटचे आंकडे. घरगुती कामास ४०० ते ७०० वॅटचें यंत्र पुरतें. त्याहून अगत्यानें पाहावयाच्या गोष्टी तीन. वेग कमीजास्त करतां येतो कीं नाहीं, ही पहिली. मिनिटास ३००० वेळां वरखालीं होणारें पातें लाकडास मानवलें, तरी पत्र्यास मानवत नाहीं, आणि प्लॅस्टिक तर त्यानें वितळूं लागतें. तळपट्टी जाड व घट्ट आहे कीं नाहीं, ही दुसरी. ती डळमळली म्हणजे काप काटकोनांत उतरत नाहीं. पातें चटकन्‌ बदलतां येतें कीं नाहीं, ही तिसरी. इंग्रजी टी अक्षरासारख्या देठाचीं पातीं आज बहुतेक दुकानांत मिळतात, म्हणून तींच बसतील असें यंत्र घ्यावें. पैसे यंत्रास पडतात, पण काम पातें करतें, हें मात्र विसरूं नये. ओबडधोबड कापास इंचास ६ ते ८ दाते, प्लायवुडच्या स्वच्छ कापास १० ते १४ आणि पातळ पत्र्यास २० हून अधिक, असा साधारण हिशेब आहे. पात्यास पुढेंमागें झोका देणारी एक कळ बहुतेक यंत्रांवर असते. जलद कामांत ती उपयोगी, परंतु महिरपीच्या नाजूक वळणांत ती शून्यावर ठेवावी.

म्हणींतील करवत जातां-येतां कापते. ही मात्र फक्त वर येतांना कापते, कारण तिचे दाते वर तोंड करून असतात. त्यामुळें फळीची जी बाजू आपल्या डोळ्यांसमोर असते तिचेच टवके उडतात, आणि न दिसणारी बाजू स्वच्छ राहते. म्हणून दर्शनी बाजू खालीं घालून आकृति पाठीवर उलटी काढावी; तें न जमल्यास रेघेवर कागदी चिकटपट्टी लावावी. आंतला भाग कापावयाचा असल्यास प्रथम ड्रिलनें भोंक पाडून त्यांतून पातें घालावें. फळी टेबलास क्लॅम्पनें आवळावी. विजेची वायर वाटेंत नाहीं हें पाहावें. डोळ्यांवर चष्मा व नाकावर मास्क असावा. पातें बदलतांना प्लग काढलेला असावा, आणि पातें पुरतें थांबल्यावांचून यंत्र उचलूं नये.

हें सर्व पुस्तकांवरून कळतें. जें पुस्तकांत नव्हतें, तें आमच्याकडे वीस वर्षें येणाऱ्या सुतारानें दोन वाक्यांत सांगितलें. “सर, तिला रेटूं नका, तिच्या चालीनें खाऊं द्या,” हें पहिलें. आणि “रेघ राखा,” हें दुसरें. पातें रेटलें म्हणजे तें वांकतें. वर रेघेवरून चाललेलें दिसतें, पण जाड लाकडांत त्याचें टोंक भलतीकडेच भटकत असतें. रेघ राखणें म्हणजे रेघेवरून न कापतां तिच्या बाहेरून, टाकाऊ भागांतून कापणें. राहिलेलें लाकूड कानशीनें व पॉलिशपेपरनें काढतां येतें. गेलेलें परत येत नाहीं. आम्हां लेखणीबहाद्दरांस खोडण्याची मुभा असते, आणि खोडूनहि न भागलें तर सुधारून वाढविलेली आवृत्ति काढतां येते. लाकडाची दुसरी आवृत्ति निघत नाहीं. तें माणसाकडे एकदांच लक्ष मागतें, पण तें सगळें मागतें.

महिरपीचीं सात वळणें पुरीं व्हावयास आमचे दोन रविवार लागले. मखर उभें राहिलें. आरतीस आलेल्या मंडळींनीं कमानीवरून हात फिरवून पाहिला. यंत्र, पातीं व प्लायवुड यांचा खर्च सुताराच्या मजुरीहून अधिक झाला, हें आमच्या घरच्या जमाखर्चांत स्पष्ट लिहिलेलें आहे, आणि अधूनमधून वाचूनहि दाखविलें जातें. पण त्याच वर्षीं दिवाळीच्या सुमारास तोच सुतार दाराची चौकट बसवावयास आला. त्यानें मजुरी सांगितली, आणि “जरा कमी करा” हें घरच्या रिवाजाचें वाक्य बोलण्यासाठीं सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं चौकटीच्या सांध्याकडे पाहिलें. दोन लांकडांच्या मध्यें नख जाण्याइतकीहि फट नव्हती. आम्हीं पैसे मोजून त्याच्या हातांत ठेवले.