दख्खनचा धोबी

म्युनिकला एम.एस. करत होतो तेव्हा दर रविवारी फोनवर आईचा एकच प्रश्न, "मग, तिकडेच राहणार का रे?" मार्चमध्ये एकदा इझार नदीकाठी पांढरा धोबी दिसला. शेपटी सारखी वर-खाली. पुण्याबाहेर मुळा-मुठेवर, कवडीपाटला हिवाळ्यात दिसतो तोच की! चक्क मराठीत विचारलं त्याला, "काय रे, इकडे कुठे?"

मग वाचत बसलो. पक्षी तोच, पण पोटजात वेगळी. जर्मनीतले धोबी थंडीत भूमध्य समुद्राकडे नाहीतर आफ्रिकेत जातात. आपल्याकडे येणारी एक पोटजात थेट सायबेरियातली. पण कंपनी सरकारच्या साइक्स नावाच्या अधिकाऱ्याने १८३२ मध्ये तिला नाव दिलं 'दुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनची!

गंमत बघा. जन्म तिकडचा, घरटं तिकडे, इथे मुक्काम फक्त थंडीपुरता. तरी नाव आपलं.

मी परत आलो, त्याची कारणं वेगळी. बरेच मित्र मात्र तिकडेच राहिले. डिसेंबरात पोराबाळांना घेऊन पुण्याला येतात, तेव्हा कोणीतरी त्यांना 'पाहुणे' म्हणून चिडवतंच. मग मी धोब्याची ही गोष्ट सांगतो.