कार्टूनमधला कालिया आणि आपली मुले

शनिवारची सायंवंदना आटोपली की आपल्या शाळेच्या सभागृहात टीव्ही लावला जातो. आठवड्यातला तेवढा एक तास मुलांच्या हक्काचा. गेल्या वर्षी अशाच एका शनिवारी मी दाराशी उभा होतो. पडद्यावर ‘छोटा भीम’ चालू होते. मागच्या रांगेतून एकाला उद्देशून आरोळी आली, “ए कालिया, खाली बस की!” सगळे हसले. ज्याला म्हटले तो मुलगाही हसला. लिहिताना संकोच वाटतो, पण मीही हसलो.

तो घाटकोपरच्या वस्तीतून आलेला, सहावीतला, अंगाने किडकिडीत मुलगा. दादागिरी तर सोडाच, वर्गात प्रश्न विचारायलाही भिणारा. पडद्यावरच्या कालियाशी त्याचे साम्य एकच, त्वचेचा रंग. पुढच्याच आठवड्यात चित्रकलेच्या तासाला ‘मी आणि माझे मित्र’ हा विषय होता. त्याने शेजाऱ्याकडे ‘स्किन कलर’ मागितला. रंगपेटीतल्या त्या फिकट गुलाबी खडूला आपण सारेच हे नाव बिनदिक्कत देतो. त्या खडूने त्याने स्वतःचा चेहरा रंगवला. वर्गात एकाही मुलाच्या अंगाचा तो रंग नव्हता, माझ्याही नाही.

‘छोटा भीम’ २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाले. ते हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचे. ढोलकपूरचा भीम शूर आणि सालस. त्याचा मत्सर करणारा, दुबळ्यांना छळणारा आणि शेवटी फजिती होणारा तो कालिया. त्याचे नावच रंगाची आठवण देणारे. चुटकीच्या वाट्याला पुष्कळदा लाडूंचा डबा येतो. निर्मात्यांनी हे जाणूनबुजून केले असे मी म्हणणार नाही. जाणूनबुजून केले असते तर ते पकडणे सोपे गेले असते. जे मनात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले असते, तेच चित्रकाराच्या बोटांतून सहज उतरते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याचे नवल वाटू नये. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त पुराणातल्या राक्षसांकडे उलट्या बाजूने पाहायला शिकवले आणि आपल्या आयाबहिणींच्या ओठांवरचा बळीराजा इतिहासाच्या मध्यभागी आणून बसवला. बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ च्या ग्रंथात आर्य आणि दास हा भेद वंशाचा व कातडीच्या रंगाचा होता हे पाश्चात्त्य पंडितांचे मत साधार खोडून काढले. ग्रंथात ते खोडले गेले. चित्रांत मात्र टिकून राहिले. पौराणिक कथांवरचे बहुतेक ॲनिमेशनपट पाहा. देव उजळ किंवा निळे, असुर काळेकभिन्न, जाड ओठांचे, सुळे बाहेर आलेले. सहा वर्षांच्या मुलाला कोण वाईट हे सांगावे लागत नाही. त्याला ते दिसते.

या प्रसंगानंतर मी सातवीच्या मुलांना ‘द लायन किंग’ दाखवला. १९९४ चा हा डिस्नेचा चित्रपट, उत्तम कारागिरीचा, मलाही आवडणारा. राजपुत्र सिंबा जन्मताच सारे प्राणी त्याच्यापुढे वाकतात. त्याच्या अंगी काय गुण आहेत हे अजून कोणालाच ठाऊक नसते. जन्म पुरेसा असतो. प्रकाश जिथवर पोहोचतो तिथवर सिंहाचे राज्य, आणि त्या सीमेपलीकडे हत्तींच्या सांगाड्यांमध्ये उपाशी तरस राहतात. पुढे काळ्या आयाळीचा काका राज्य बळकावतो, तरसांना आत घेतो आणि साऱ्या भूमीची राखरांगोळी होते. खरा वारस परतला की पाऊस पडतो.

मी विचारले, “तरस तिकडे का राहतात?” एकजण म्हणाला, “कारण ते घाणेरडे आहेत.” थोड्या वेळाने मागून दुसरा म्हणाला, “त्यांना आत घेतच नाहीत, सर.” मग आजोबांच्या गावी आपली वस्ती कुठे होती, याविषयी मुले आपणहून बोलू लागली. गावकूस हा शब्द मला फळ्यावर लिहून द्यावा लागला, पण अर्थ सांगावा लागला नाही.

‘जंगल बुक’चे प्रकरण तर आपल्या अगदी घरचे. त्याचा लेखक रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईतच जन्मला, वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक. १९९३ मध्ये दूरदर्शनवर दर रविवारी मोगलीची जपानी मालिका हिंदीतून लागे, तेव्हा मी एम.ए.चा अभ्यास बाजूला ठेवून विक्रोळीच्या शेजाऱ्यांकडे ती पाहायला बसत असे. मूळ पुस्तक हाती आले ते फार उशिरा. त्यात माकडांची जमात कायद्याबाहेरची, बहिष्कृत आहे आणि ती जिथे पाणी पितात तिथे जंगलातले इतर प्राणी पीत नाहीत. ते वाक्य मी दोनदा वाचले. पुस्तक १८९४ चे. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ उचलली ती २० मार्च १९२७ रोजी.

डिस्नेने २०२० मध्ये ‘डंबो’, ‘पीटर पॅन’ अशा आपल्या जुन्या चित्रपटांपूर्वी वंशभेदी चित्रणाबद्दल सूचना दाखवायला सुरुवात केली. तिथे लोकांनी ओरड केली म्हणून ते झाले. आपल्याकडेही वेगळे काम झालेले आहे. राम मोहन यांनी युनिसेफसाठी घडवलेल्या ‘मीना’त खेड्यातली सावळी मुलगी नायिका आहे आणि भावाइतकाच आंब्याचा वाटा तिला का मिळत नाही, हा एका भागाचा विषय आहे. आपल्या ग्रंथालयात ‘मीना’ असावी, अशी माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे.

परंतु पडद्याकडे बोट दाखवून माझी सुटका होत नाही. आपल्या शाळेत दरवर्षी भीमजयंतीला चवदार तळ्याची नाटिका होते आणि अनेक वर्षे ती मीच बसवतो. जुने फोटो काढून पाहिले. बाबासाहेबांच्या भूमिकेत प्रत्येक वर्षी गोरटेला मुलगा. काठ्या घेऊन धावून येणाऱ्या जमावात सावळी मुले, आणि तळ्याकाठी फाटक्या कपड्यांतही तीच. मला कोणी तसे सांगितले नव्हते. “चेहरा शोभतो” एवढेच मी मनाशी म्हणत असणार.

यंदा त्या मुलाला बोलावून मुख्य भूमिका करशील का, असे विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, “नको सर, मी पडदा ओढतो.” आग्रह करावा की नाही, हे मला कळेना. परवाच्या तालमीला भूमिका करणारा मुलगा तापाने अंथरुणात होता. त्याच्या जागी कोण बोलणार म्हणून गोंधळ चालला असता, विंगेत पडद्याची दोरी हातात धरून उभ्या असलेल्या या मुलाने सगळे भाषण म्हणायला सुरुवात केली. दोन ठिकाणी अडखळला. पण दोरी सोडून तो अजून पुढे आलेला नाही. जयंतीला अकरा दिवस आहेत.